उठू नकोस, विकेट जाईल

सोलापुरात भारत मॅच हरला की कारण शोधायला पिच रिपोर्ट लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात रस्त्यापासून कन्ना चौकापर्यंत कुठल्याही टपरीवर उभं राहा, चहा हातात येईपर्यंत गुन्हेगार सापडलेला असतो. तो गोलंदाज क्वचितच निघतो. बहुतेकदा तो कुणाचा तरी मेहुणा असतो, जो नेमका पस्तिसाव्या षटकात घरात शिरला आणि चपला काढता काढता 'काय झालं बे स्कोर?' म्हणाला. तेवढ्यात विकेट पडली. झालं. त्या मेहुण्याचं नाव पुढची चार वर्षं निघत राहतं.

20 नोव्हेंबर 2023 च्या सोमवारी तर अख्खं शहर तपास अधिकारी झालं होतं. ओळीने दहा सामने जिंकून अहमदाबादला वर्ल्ड कपचा अंतिम सामना घालवायचा, आणि त्याचं कारण काय, तर केलेल्या 240 धावा कमी पडल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने 137 ठोकल्या? एवढ्यावर कुणाचं समाधान होईना. कुणी नवीन टीव्ही घेतला होता, कुणी आधीच्या सामन्यांत घातलेला टी-शर्ट चुकून धुवायला टाकला होता. एकाने तर फटाके आधीच आणून ठेवले होते, आणि ते त्याने दुसऱ्याला सांगितलंही होतं. आधीच्या दहा विजयांच्या वेळी हीच माणसं, हेच मेहुणे, याच खुर्च्यांवर होते, हे मात्र कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. शोध अपशकुन्याचा चालला होता, शकुनाचा नव्हे.

मला याचं हसू येतं, पण पूर्ण हसता येत नाही. कारण आमच्या घरात ही खुर्ची-पद्धत मी फार जवळून पाहिली आहे.

आमचं घर तेव्हा शुक्रवार पेठेत होतं. बाहेरच्या खोलीत टीव्ही. काकांची खुर्ची ठरलेली, वेताची, एक हात मोडलेली. वडील दाराला टेकून उभे, कारण कधीतरी ते उभे असताना कपिलने विकेट काढली होती. चुलत भाऊ उंबऱ्यावर. एरवी उंबऱ्यावर बसलेलं आजीला अजिबात खपायचं नाही, पण मॅचच्या दिवशी तिथेच बसायचं, कारण तिथे बसल्यावर भागीदारी जमते असं सिद्ध झालेलं. म्हणजे एका अंधश्रद्धेने दुसरीला क्लीन बोल्ड केलेलं. लघवीला जायचं तर षटक संपल्यावर, आणि शक्यतो जायचंच नाही.

या सगळ्या मांडणीत काकूला जागा नव्हती. म्हणजे होती, स्वयंपाकघरात.

हे कधी ठरलं ते मला नीट आठवतं. 9 मार्च 1996, वर्ल्ड कपची बेंगळुरूची पाकिस्तानविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी. काकू बराच वेळ आमच्यात बसली होती. मग ती भाकरी टाकायला आत गेली आणि अजय जडेजाने वकार युनूसला झोडायला सुरुवात केली. 25 चेंडूंत 45. काकू पीठ भरल्या हातांनी 'काय झालं, काय झालं' करत दारात आली तर काका टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "तू आतच थांब. तू गेलीस आणि चालू झालं बघ." सगळे हसले. काकूही हसली आणि आत गेली. भारत जिंकला. त्या हसण्याचा पुढे कायदा झाला.

चार दिवसांनी ईडन गार्डन्स. श्रीलंकेविरुद्धची उपांत्य फेरी. काकू पहिल्या चेंडूपासून आत. पहिल्याच षटकात श्रीनाथने कालुवितरणा आणि जयसूर्या दोघांना घालवलं, आणि काकांनी आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू झेल त्यांनीच घेतले होते. मग डिसिल्व्हाने धुतलं, श्रीलंकेच्या 251 झाल्या. आपण 1 बाद 98. सचिन 65 वर यष्टिचीत झाला आणि तिथून जे कोसळलं ते 8 बाद 120. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आग लावली, सामना श्रीलंकेला बहाल झाला, कांबळी रडत बाहेर आला. आमच्या खोलीत कुणी बोलेना. काकू तर सबंध वेळ आत होती. आता काय म्हणणार?

काका उठले, आत गेले, आणि विचारलं, "तू डोकावली होतीस का?"

मला आजही वाटतं की अंधश्रद्धेवर इतकं नेमकं प्रात्यक्षिक कुठल्या व्याख्यानात मिळणार नाही. काकू बाहेर असली आणि विकेट पडली, तर काकूमुळे. काकू आत असली आणि विकेट पडली, तर डोकावली असणार. हा सिद्धांत हरूच शकत नाही. भारत हरेल, सिद्धांत नाही.

गंमत अशी की काकूकडे पिठाच्या डब्याशेजारी एक छोटा ट्रान्झिस्टर होता. आवाज इतका बारीक की फोडणी पडली की बुडून जाईल. ती आकाशवाणीची कॉमेंट्री ऐकत भाकऱ्या थापायची. म्हणजे ज्या ज्या सामन्यांत तिला 'बाहेर' ठेवून आम्ही जिंकलो, त्या प्रत्येक सामन्यात ती चेंडूगणिक हजर होती. मला हे माहीत होतं, कारण आत पाणी प्यायला जाण्याची मुभा मला होती. मुलींची गिनती तेव्हा शकुनातही नव्हती आणि अपशकुनातही. लग्न व्हायचं होतं ना.

शापाच्या गोष्टी जगात सगळीकडे सांगतात आणि मला त्या वाचायला आवडतात. अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने आपला खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजला विकला. 1918 नंतर त्यांना थेट 2004 मध्ये विजेतेपद मिळालं. शिकागो कब्ज या दुसऱ्या बेसबॉल संघाने 1945 मध्ये एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं. त्याने शाप दिला म्हणतात. 1908 नंतर 2016 उजाडलं तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पोर्तुगालच्या बेनफिका या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक बेला गुटमान 1962 मध्ये पैशांवरून भांडून गेला, जाताना शंभर वर्षं युरोपचा चषक मिळणार नाही असं बोलून गेल्याची दंतकथा आहे. त्यानंतर बेनफिका युरोपातले आठ अंतिम सामने हरला. 1990 ची अंतिम लढत व्हिएन्नात होती, गुटमान तिथेच पुरलेला. बेनफिकाचा जुना खेळाडू असलेल्या युसेबियोने त्याच्या कबरीवर जाऊन प्रार्थना केली, तरी हरले.

या गोष्टींना एक नीट कथानक आहे. कुणावर तरी अन्याय झाला, त्याची हाय लागली. आपल्या पुराणात ऋषी रागावतो तसंच. ऐकायला छान वाटतं आणि कुणाचं काही बिघडत नाही, असं आपण समजतो. पण शिकागोच्या गोष्टीत बोकडापुढे आणखी एक माणूस आहे. 14 ऑक्टोबर 2003 ला कब्ज विश्व मालिकेपासून, म्हणजे अंतिम फेरीपासून, फक्त पाच बाद दूर होते. सीमेकडे येणारा एक उंच चेंडू पकडायला आजूबाजूच्या चार-पाच प्रेक्षकांसारखाच एका तरुण प्रेक्षकानेही हात पुढे केला. चेंडू त्याच्या हाताला लागला, खेळाडूला झेल मिळाला नाही. त्यानंतर कब्जच्या खेळाडूंनी स्वतःच्या हातांनी चुका केल्या आणि त्या एका डावात आठ धावा दिल्या. पण लोकांच्या लक्षात राहिला तो प्रेक्षक. त्याच्यावर बिअर ओतली, सुरक्षारक्षकांनी त्याला बाहेर काढलं, घराभोवती पोलीस ठेवावे लागले. तो कब्जचाच कट्टर चाहता होता. 2017 मध्ये संघाने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. त्याला चौदा वर्षं लागली. काकूला अंगठी कुणी दिली नाही, हा भाग वेगळा.

मला म्हणायचंय ते हे. शाप म्हणून जे काही आपण खेळाडूच्या नावाने बोलतो, ते खेळाडूपाशी थांबत नाही. त्याला कुणीतरी वाहणारं लागतं, आणि ते माणूस शोधताना आपण खोलीतलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस बरोबर हेरतो.

विराट कोहलीचंच बघा. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने दहा डावांत 134 धावा केल्या. 26 मार्च 2015 ला वर्ल्ड कपच्या सिडनीच्या उपांत्य फेरीत तो 1 धाव करून बाद झाला आणि कॅमेरा स्टँडमधल्या अनुष्का शर्माकडे वळला. पुढचे काही दिवस तिच्याविषयी जे लिहिलं गेलं ते इथे परत लिहावंसं वाटत नाही. पांढऱ्या पायाची, हा शब्द आपण नव्या सुनेसाठी पिढ्यान्पिढ्या राखून ठेवला होता. तो मोबाईलवरून सहज पुढे सरकला. 2018 मध्ये हाच कोहली त्याच इंग्लंडमध्ये गेला, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पाच कसोटींत 593 धावा काढून आला. त्याचं श्रेय वहिनींच्या पायगुणाला द्यायला टपरीवर कुणी आलं नाही. मधे मार्च 2016 मध्ये मोहालीत त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 82 ची ती खेळी केली, तेव्हा त्याने स्वतःच या टोळीला जाहीर खडसावलं होतं. मला त्याची ती खेळी आवडते आणि ते खडसावणं अंमळ जास्त.

शाप वाटतो ते बऱ्याचदा नुसतं गणित असतं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आलेला खेळाडू बिघडतो, असा समज फार जुना. 1954 च्या पहिल्याच अंकावर बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज होता आणि लगेच त्याच्या हाताला दुखापत झाली, तिथून सुरुवात. 2002 मध्ये त्या नियतकालिकाने मुखपृष्ठावर काळी मांजर छापून स्वतःचीच चौकशी केली. मांजरासोबत फोटो काढायला अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या खेळाडूने नकार दिला. मॅथ्यूजचं पुढे काय झालं? 512 होम रन. आणि मायकेल जॉर्डन पन्नास वेळा त्या मुखपृष्ठावर आला. माणूस मुखपृष्ठावर येतो तेव्हा तो शिखरावर असतो, आणि शिखरावरून पुढचं पाऊल बहुधा खालीच पडतं. गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये उंच आईबापांची मुलं सरासरीकडे कशी झुकतात ते दाखवलं, ती हीच गोष्ट. आपल्याला गाल्टन नको, सोलापूरचा मे महिना पुरे. पारा 45 ला टेकला की दुसऱ्या दिवशी तो बहुतेक उतरतो, आणि त्यासाठी सूर्याला कुणाची दृष्ट लागावी लागत नाही.

सचिनने शतक ठोकलं की भारत हरतो, हे वाक्य मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकलंय की विचारू नका. वनडेतली त्याची शतकं 49. त्यांपैकी 33 सामने भारत जिंकला, 14 हरला. पण जिंकलेलं शतक आपण पेढे खाऊन विसरतो. हैदराबादचे 175 आणि तीन धावांनी पराभव, शारजाचं वादळातलं 143, मीरपूरला शंभरावं शतक आणि बांगलादेशकडून हार, ही चौदातली शतकं उरात रुतून बसतात. चेन्नई कसोटीतल्या 136 आणि बारा धावांच्या पराभवाचा वनडेशी संबंध नाही, तरी वाद घालताना तीही ओढून आणली जाते.

आपल्या गावात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांचीच गोष्ट घ्या. जन्म 28 मार्च 1926, सोलापूर. हे इथल्या किती पोरांना माहीत आहे कोण जाणे. पार्क मैदानावर रोज सराव करणाऱ्यांनाही मी हे सांगून चकित केलंय. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे उम्रीगरांची कसोटीतली बॅट मुकी झाली. सात डाव, 43 धावा. आजचा काळ असता तर त्यांच्या बायकोचे, घराचे, घरासमोरच्या झाडाचे फोटो फिरले असते. त्यांनी 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223 काढल्या, कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक. आणि 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजचा वेस्ली हॉल समोर असताना 56, नाबाद 172 आणि वर पाच बळी. एवढ्यासाठी कुठला उतारा टाकावा लागला नाही. दहा वर्षं लागली, इतकंच.

पण गणित मांडून मन मोकळं होत नाही, हेही खरं. समोर काचेत काहीतरी आपल्या जिवाचं चाललंय आणि आपण त्यात तसूभरही फरक करू शकत नाही, हे सोसत नाही. म्हणून माणूस पाय दुमडून बसतो आणि तो पाय सरळ न केल्याने रन निघाले असं मानतो. इतपत मला मान्य आहे. खेळाडू तरी काय वेगळं करतात? सचिन आधी डावा पॅड बांधायचा. मोहिंदर अमरनाथच्या खिशात लाल रुमाल. धावफलकावर 111 लागले की पंच डेव्हिड शेफर्ड एक पाय उचलून उभे राहायचे, तेवढं बघायला आम्ही 111 ची वाट पाहायचो. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना खेळायला उतरली, तेव्हा तिच्या बॅटवर कंपनीचं नाव नव्हतं. हाताने लिहिलेलं होतं 'एमएसडी 07'. त्या बॅटने तिने 53 काढल्या. याला भक्ती म्हणा की तोडगा म्हणा, जे काही आहे ते तिच्या स्वतःच्या हातात आहे. आमच्या गल्लीतल्या एकाने 2011 मध्ये वर्ल्ड कप आला तर कोजागिरीला अनवाणी तुळजापूरला जाईन असं बोलून ठेवलं होतं. कप एप्रिलमध्ये आला, कोजागिरी ऑक्टोबरात. गेला बिचारा. पाय सुजले ते त्याचे.

आमची आजी याहून पुढची होती. सचिन लवकर बाद झाला की ती मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन टीव्हीवरून ओवाळायची. सचिन तंबूत परतलेला, पडद्यावर साबणाची जाहिरात, आणि आजी त्या साबणावरून गंभीरपणे मूठ फिरवतेय. पुटपुटायची: आल्यागेल्याची, घरच्यांची, दारच्यांची, आणि शेवटी जरा हळू, माझीसुद्धा. मग ते सगळं शेगडीवर. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर म्हणायची, "बघ, केवढी लागली होती." उठला तर म्हणायची, "निघाली." म्हणजे काकांसारखीच तिचीही दोन्ही बाजूंनी जीत. पण तिच्या यादीत नाव कुणाचंच नव्हतं. असलंच तर स्वतःचं होतं, कारण जास्त मायेने बघणाऱ्याचीच दृष्ट लागते असं ती धरून चालायची. तिच्या त्या माझीसुद्धापुढे काकांचं 'तू आत थांब' मला फार कोतं वाटत आलंय. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतली रेघ कुठे मारायची यावर महाराष्ट्रात मोठी माणसं मोठ्या निष्ठेने झगडली, एकाने त्यासाठी प्राण दिले, 2013 मध्ये कायदाही झाला. वेताच्या खुर्चीला तो लागू नाही. ती रेघ घरातच मारावी लागते, आणि घरात ती कुणी मारत नाही.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये आलो, खुर्ची बरोबर आणली आणि तिच्यात काकू बसते. 2 नोव्हेंबर 2025 ला महिलांच्या वर्ल्ड कपची अंतिम लढत होती, तेव्हाही तीच बसली होती. त्या दिवशी एकादशीचा उपास होता, मांडीवर राजगिऱ्याचा लाडू, टीव्हीचा आवाज भरपूर. पावसाने सामना उशिरा सुरू झालेला. शेफालीच्या 87, आपल्या 298, आणि समोर दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक पूर्ण करून ठामपणे उभी. 2005 आणि 2017 चे हरलेले अंतिम सामने काकूच्या डोक्यात असणार, कारण ती एकदम माझ्या मोठ्या भावाकडे वळली.

"ए, जरा खाली जाऊन गेट लागलंय का बघून ये की."

"आत्ता, काकू?"

"आत्ताच."

तो पन्नाशीला आलेला माणूस, पुण्याहून दोन दिवस सुट्टी काढून खास मॅचसाठी आलेला, चपला घालून निघाला. दीप्तीने चेंडू टाकला. वोल्वार्टने तो उंच मारला, अमनजोत त्याच्याखाली धावली, हातातून निसटला, पुन्हा निसटला, आणि तिसऱ्यांदा तिने तो धरला. आमचा आरडाओरडा जिन्यात ऐकू गेला असणार. दादा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला, तर काकूने खुर्चीतून न उठता हात आडवा केला. "तिथंच थांब. अजून तीन राहिल्यात."

मी तिला काकांची आठवण करून दिली. स्वयंपाकघराची, ट्रान्झिस्टरची, ईडन गार्डन्सची. तिने लाडूचा तुकडा मोडला आणि टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "त्यांचं काही खरं नव्हतं गं. याचं मात्र खरंच लागतं, मी लहानपणापासून बघतेय."